कॉक कुठे आहे?

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. माझा भाचा इंग्लंडहून सुट्टीला आला होता. मुक्काम अर्थातच मलकापूरला. (हे शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर. बुलढाण्याचं नव्हे आणि कऱ्हाडजवळचंही नव्हे. हे वाक्य आम्हाला जन्मभर बोलावं लागतं, तेव्हा इथेही एकदा बोलून घेतो.) सकाळी सहाचं पाणी आलेलं, मोरीतल्या नळाचा वायसर गेला आणि चावी कितीही आवळली तरी धार काही थांबेना. भाचा उठला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "मामा, मेन कॉक कुठे आहे?"

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "बादली लाव की रं खाली. सातला जातंय पाणी. गेलं की बसव तुझा वायसर."

आम्ही सगळे हसलो. भाचा नाही हसला. घराचा मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या कुणालाच माहीत नाही, हे त्याच्या पचनी पडेना. बावन्न वर्षांचा मी, अठ्ठ्याहत्तरची आई, याच घरात जन्म काढलेला चुलतभाऊ, कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या घरातलं पाणी बंद करण्याचं एकमेव साधन म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाचं घड्याळ!

या भाच्याचं एक खूळ आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लीड्सजवळ राहतो. तिथे त्यानं १९९६ सालची एक जुनी कॅम्पर व्हॅन विकत घेतली. म्हणजे चाकावरचं घरच. झोपायला बाक, दोन शेगड्या, एक लहानसं सिंक आणि खाली सत्तर लिटरची टाकी. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये असल्या गाड्यांच्या पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यामुळे कल्पना आता आपल्याला अगदीच परकी राहिलेली नाही. तर या गाडीत पहिल्या हिवाळ्यात नळ फुटला. पाणी काढून न टाकता गाडी दारात उभी राहिली, नळात पाण्याचं बर्फ झालं, बर्फ फुगतं, नळाचं अंग तडकलं. यानं तेवढा नळ बदलला. महिन्याभरात पंपाजवळचा सांधा सुटला. तो बदलला. मग सिंकखालचा. शेवटी एका शनिवारी यानं बाकाखालच्या सगळ्या फळ्या काढून बघितलं तर आधीच्या मालकांनी वेळोवेळी केलेल्या डागडुजीचं प्रदर्शनच भरलेलं. एके ठिकाणी बागेला पाणी घालायची नळी, तिच्या आत हिरवं शेवाळ. चार जागी चार प्रकारच्या क्लिपा. जुन्या नळ्या कडक होऊन वाळक्या शेंगेसारख्या झालेल्या.

त्यानं सगळं उपटून फेकलं. गार पाण्याला निळ्या आणि गरम पाण्याला लाल, अशा बारा मिलिमीटरच्या नव्या नळ्या घातल्या, प्रत्येक फाट्याला बंद करायची चावी, सगळ्यात खालच्या जागी थंडीत पाणी काढून टाकायचा कॉक. आणि शेवटी एका कागदावर पूर्ण लाइनचा नकाशा काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी त्याला फोनवर म्हणालो होतो, "अरे, सत्तर लिटर पाण्यासाठी एवढा खटाटोप?" तो म्हणाला, "पाण्यासाठी नाही मामा. जुन्या गाडीचा सांगाडा लाकडी असतो. ओल आत शिरली की लाकूड कुजतं, आणि बाहेरून दिसायला दोन वर्षं जातात. तोपर्यंत गाडी मेलेली असते."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

जुलै २०२४. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झालेली. आमचं माजघर आणि चुलतभावाची बाजू यांच्यामधली भिंत, खाली जांभा आणि वर भेंडे, बसली. पडली म्हणत नाही, बसली. आधी ढबकन आवाज, मग मातीचा लोट, मग त्या मातीतून वर उडणारं पाणी. भिंतीला लागून आईची कॉट होती. आई कॉटवर नव्हती, कारण पाणी आलं म्हणून ती उठून मोरीत गेली होती. रोज सहाला पाणी येतं म्हणून जिनं चाळीस वर्षं सकाळची झोप घेतली नाही, ती त्या पाण्यामुळेच वाचली. यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आणि पाणी बंद करायला कॉक नव्हता. म्हणजे होता. दारासमोरच्या गल्लीत होता. गल्लीचं काँक्रीट झालं तेव्हा ते काम करणाऱ्यांनी त्याच्यावरही काँक्रीट ओतलं होतं. पाणी सोडणाऱ्याला शोधून मुख्य व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ आम्ही त्या भोकावर पोती दाबून उभे होतो.

गावानं निदान एका वाक्यात केलं : "पाऊसच लई झाला औंदा." खोटं नाही. आंब्याच्या घाटाजवळचा हा पट्टा, आमच्याकडे जुलैत ओल नसलेली भिंत दाखवा आणि बक्षीस मिळवा. त्या भिंतीला सात-आठ वर्षं ओल होती. आम्ही दर दिवाळीला तिला चुना लावत होतो. पण राडारोडा उपसल्यावर आत जो पाइप सापडला, त्याला टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं होती. रोज एक तास, सात-आठ वर्षं, मातीच्या भिंतीच्या पोटात बारीक फवारा. उन्हाळ्यातही ती भिंत गार का लागायची, याचं कौतुक आम्ही पाहुण्यांना सांगत होतो. "जुनी घरं बघा कशी थंड असतात!"

आता मुद्द्यावर येतो. मला भांडायचं आहे ते पावसाशी नाही, पाइपाशीही नाही. मला भांडायचं आहे ते आपल्या एका सवयीशी. घरातलं सगळं आपण बदलतो; फरशी, रंग, टीव्ही, पडदे. नळाची लाइन मात्र फुटेपर्यंत बदलत नाही. आणि फुटल्यावरही फुटला तेवढाच तुकडा बदलतो.

याच्या बाजूनं जे बोललं जातं ते मी सगळं ऐकलं आहे, कारण त्यातलं निम्मं मी स्वतः बोललो आहे. तेव्हा एकेकाला घेऊ.

पहिलं, "जुनं लोखंड ते, आताच्या प्लास्टिकला काय दम आहे?" आमच्या घरातली लाइन वडिलांनी १९८३ साली घातली. जीआय पाइप, बी क्लास. (पाइपावर रंगाचा पट्टा असतो. पिवळा हलक्याचा, निळा मधल्याचा, तांबडा जाडाचा. वडील निळ्यावर अडून बसले होते हे आई अजून सांगते.) कोल्हापुरातून टेंपोच्या टपावर बांधून आणले. गल्लीतला घरात आलेला पहिला नळ. त्याआधी परड्यातल्या आडाचं पाणी आई शेंदायची, दिवसाला पंचवीस-तीस घागरी, मी पोटात असतानासुद्धा. त्यामुळे "ती लाइन काढूया" असं मी म्हणालो तेव्हा आईच्या डोळ्यात पाणी आलं. "तुज्या बाबांनी घातलीया रं." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आजही नाही. वडिलांनी योग्य वेळी योग्य वस्तू आणली होती. पण चाळीस वर्षांत त्या वस्तूचं काय झालं ते बघा.

जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त आपण झिजून लोखंडाला वाचवतं, ही त्यातली युक्ती. जस्त संपलं की लोखंड उघडं पडतं आणि आतून गंज चढायला लागतो. हा गंज पापुद्र्यासारखा सुटून जात नाही, गाठी धरतो. त्या गाठींवर पाण्यातला क्षार बसतो. आम्ही काढलेल्या पाइपाचा तुकडा मी जपून ठेवला आहे. अर्ध्या इंची पाइप, आतली वाट पेन्सिल जेमतेम जाईल एवढी. व्यास निम्मा झाला की छेद चौथाई होतो, आणि खडबडीत आतल्या बाजूमुळे पाणी त्याहूनही कमी येतं. फिटरनं तो तुकडा उजेडाला धरला आणि म्हणाला, "सर, ह्याची अँजिओप्लास्टी करायला पायजे हुती." आटे पाडलेली जागा तर आणखी वाईट, कारण आटे पाडताना तिथला मुलामाही जातो आणि पाइपाची जाडीही कमी होते. त्यात शेजारी पितळेचा कॉक बसवला असेल तर पितळेच्या संगतीनं लोखंड आणखी लवकर झिजतं. आमची तीनही भोकं एल्बोच्या हातभर अंतरात होती.

आणि पाणी कमी येतंय म्हटल्यावर आपण काय करतो? पाइप बघत नाही. नळाला मोटर लावतो! छोटी टुल्लू मोटर, दुकानात सहज मिळते, आणि थेट नळाच्या लाइनला लावायला बंदी असूनही गल्लीत दर दोन घरांआड सकाळी तिचा आवाज येतो. आता विचार करा. गावाची लाइन दिवसात एक-दोन तास भरलेली असते, बाकी वेळ रिकामी. जमिनीखालच्या पाइपाला जिथे भोक आहे तिथे भरलेली असताना पाणी बाहेर जातं; रिकामी असताना, किंवा मोटरीनं ओढलं की, बाहेरचं आत येतं. बाहेर काय आहे ते ज्या गल्लीत जायचं तिथे नाकानं समजतं. गटार आणि नळ आपल्याकडे सख्ख्या भावांसारखे शेजारी शेजारी झोपलेले असतात. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात, इचलकरंजीत, दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसं गेली. त्यातल्या बऱ्याच घरांत टीव्ही चांगले असतील, फरशा चांगल्या असतील. पाणी मात्र खराब पाइपातून येत होतं.

दुसरं, "भिंतीतून नेलेली लाइन कशी छान दिसते, बाहेरून नेली तर दवाखान्यासारखं वाटतं." हे ऐकलं की माझं डोकं आता तापतं. घराघरात लाइन भिंतीत गाडायची पद्धत आली ती शहरातल्या फ्लॅटांकडून. तिथे निदान विटांची आणि सिमेंटची भिंत असते. आमच्याकडे १९९८ मध्ये हौसेनं मोरीला टाइल्स बसवल्या तेव्हा वडिलांची उघडी लाइन माजघराच्या भिंतीत खाच पाडून आत घातली. मातीच्या भिंतीत! घातली कुणी? मीच. दोन दिवस रजा काढून, फिटरच्या शेजारी उभं राहून. वडिलांना ते आवडलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "दिसंना झालं की इसरतंय माणूस." मी म्हणालो, आबा, आता सगळीकडे असंच करतात. तेव्हा या लेखातला पहिला आरोपी मीच आहे, हे नोंदवून ठेवा.

भाच्याच्या व्हॅनमध्ये आणि आमच्या घरात फरक इंग्लंड-भारताचा नाही. तिथल्या जुन्या गाड्याही आतून कुजतातच, त्याचीच कुजत होती. फरक असा की त्याला फळी उचलून बघता आलं. आम्हाला बघण्यासाठी भिंत पडावी लागली.

आपल्या पूर्वजांचा दाखला दिला की लोकांना बरं वाटतं म्हणून देतो. मलिक अंबरनं सतराव्या शतकात औरंगाबादेला (आताचं छत्रपती संभाजीनगर) नहर आणली, खापरी नळांतून पाणी खेळवलं. तिला ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडं ठेवली होती. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी अठराव्या शतकात पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं, त्यालाही वाटेत उच्छ्वास बांधलेले होते. वारा सुटायला, गाळ काढायला, आणि माणसाला आत उतरून बघता यावं म्हणून. ज्यांच्याकडे ना मीटर ना पंप, त्यांना एवढं कळत होतं की पाण्याची वाट बांधायची तर ती बघता आली पाहिजे. आम्ही मात्र व्हॉल्व्हवर काँक्रीट ओतलं.

तिसरं, "फुटलंय तेवढं बदला ना, सगळं कशाला?" हे सगळ्यात शहाणं वाटणारं बोलणं, म्हणून सगळ्यात धोक्याचं. आमचा फिटर बांबवड्याचा. तिशीतला, हुशार मुलगा. त्यानंही पहिल्यांदा हेच सुचवलं, "जुन्याला नवं जोडून देतो की सर. तीन हजारात काम हुतंय. सगळं काढायचं म्हटलं तर घर उकलायला लागंल." त्याला दोष देत नाही. गिऱ्हाईक सगळीकडे तेवढंच मागतं, त्याला तशीच सवय झाली आहे. पण भाच्याच्या गाडीत जे झालं तेच होतं : एक गळती बुजवली की त्या लाइनमधला दाब वाढतो, आणि पुढची जी कमजोर जागा असेल ती बोलायला लागते. चाळीस वर्षांचा पाइप एका जागी कुजला असेल तर दुसऱ्या जागी तो पंचविशीतला तरुण नसतो. तीन हजार आज, तीन हजार पुढच्या वर्षी, आणि मधल्या वर्षी एम-सीलची कांडी. एम-सीलनं या महाराष्ट्राची जेवढी घरं उभी धरली आहेत तेवढी सिमेंटनंही धरली नसतील. :)

खर्चाचं बोलायचं तर माझा हिशोब उघडा ठेवतो. सगळी लाइन नवी करायला सामान चौदा हजार आणि मजुरी अकरा हजार. पडलेली भिंत बांधायला पंच्याऐंशी हजार. १९९८ च्या टाइल्स चार वर्षांपूर्वी "जुनाट दिसतात" म्हणून मी बदलल्या होत्या, त्याला बासष्ट हजार. म्हणजे टाइल्स बदलताना मागची लाइन बदलायला पंचवीस हजार जास्त गेले असते, आणि मी ते वाचवले होते! त्या वेळी टाइल्सचा डिझाइन निवडायला आम्ही तीन वेळा कोल्हापूरला गेलो. पाइपाबद्दल एक प्रश्न कुणी विचारला नाही.

प्लास्टिकबद्दलची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. ती खरी आहे. सीपीव्हीसीला भारतीय मानक आहे, आयएस १५७७८. ज्या पाइपावर ते छापलेलं नाही तो स्वस्त मिळतो आणि दुकानात पुढेच लावलेला असतो. उन्हात हे पाइप कडक होतात, म्हणून गच्चीवर त्यांना रंग किंवा आवरण हवं. गरम पाण्याला साधा पीव्हीसी चालत नाही, सीपीव्हीसीच लागतो, आणि दोघांचा चिकटवायचा द्रावही वेगळा. चुकीचा लावला की सांधा सहा महिन्यांत दगा देतो. पीव्हीसी टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत, त्यावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये काढले. म्हणजे त्याआधीच्या पाइपात काय आहे त्याचा विचार ज्यानं त्यानं करावा. आपल्या जुन्या फिटरांचा लाडका सफेदा, जो सुतावर लावून आटे बसवायचे, तो तरी काय होता? मूळचा सफेदा म्हणजे शिशाचंच पांढरं चूर्ण. प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून आला. रोमनांनी शिशाचे नळ केले, आणि त्यांच्यातलाच व्हिट्रुव्हियस नावाचा स्थपती सांगत होता की शिशापेक्षा मातीचे नळ बरे. दोन हजार वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात पाण्याचा स्रोत बदलला, नळ आतून गंजू नये म्हणून जे औषध घालायचं ते घातलं नाही, आणि जुन्या नळांतलं शिसं लोकांच्या ग्लासात उतरलं. तेव्हा श्रीमंत देशांना हे जमतं आणि आपल्याला जमत नाही, असलं काही मी म्हणत नाही. जुना पाइप कुठेही विसरला की तो आपली आठवण करून देतो.

यावर कुणी म्हणेल, हे घरातलं झालं, सरकारचं काय? सरकारचं तर आहेच. पण सरकारही आपल्यासारखंच वागतं, कारण ते आपलंच आहे. कोल्हापूरला काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं पाणी यावं म्हणून किती वर्षं आंदोलनं झाली हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पन्नासाहून जास्त किलोमीटरची ती लाइन झाली आणि २०२३ च्या दिवाळीत पाणी शहरात पोचलं. आनंदाचीच गोष्ट, अभ्यंगस्नानं झाली, फोटो आले. पण पाणी धरणातून पेठेपर्यंत आलं तरी पेठेतून मोरीपर्यंत ते जुन्याच नळांतून जायचं असतं. त्या नळांच्या बदलीचा नारळ फोडायला कोण येणार? माणसाएवढ्या व्यासाच्या पाइपाशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. अर्ध्या इंचाच्या एल्बोशेजारी कसा काढणार? जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. गावातल्या प्रत्येक घराला नळ, माणशी रोज ५५ लिटर. उद्देश चांगलाच आहे, आडावरची माझी आई आठवली की मी त्याला नावं ठेवू शकत नाही. पण मोजदाद होते ती नळ बसवल्याची. वीस वर्षांनी तो पाइप कोण बघणार, त्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या कुठल्या कपाटात आहे, हे विचारून बघा एकदा. आमच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्या पावसाळ्यात धबधब्याखाली असतात आणि एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन ओढ्याला जातात. अशा जागी गळणारा एक सांधा म्हणजे कुणाची तरी एक खेप.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ती बोलायला जरा जड जाते. आपण या कामाला हलकं समजतो. आमच्या घरात चार इंजिनियर आहेत. भिंत बसली तेव्हा त्यातल्या दोघांनी मला फोनवर उत्तम सल्ले दिले. पाइप पाना हातात धरायची वेळ आली तेव्हा बांबवड्याच्या मुलाला फोन गेला. पुण्या-मुंबईत तर फिटर बहुतेकदा ओडिशाचा निघतो. तिथल्या केंद्रापाडा जिल्ह्यातली माणसं पिढ्यानपिढ्या या धंद्यात आहेत, देशभर जातात; पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. त्यांनी कसब कमावलं. आपण ते 'त्यांचं काम' म्हणून बाजूला ठेवलं आणि मग आपल्याच घरात परक्यासारखे राहिलो. मोरी, गटार, नळ यांच्याकडे बघायचंच नाही ही जी खोड आहे ती आळसातून आलेली नाही. ती कुठून आली हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. भाचा डॉक्टर आहे, आणि तो दोन शनिवार-रविवार गाडीच्या पोटाखाली आडवा पडून होता. मी त्याला "खूळ" म्हणालो. वर बघा, या लेखातही तसंच लिहिलं आहे. सवय.

असो. लाइन झाली फेब्रुवारी २०२५ मध्ये. सगळी नवी, सगळी उघडी, भिंतीपासून बोटभर सोडून क्लिपांवर. दारातून आत आल्याबरोबर बॉल व्हॉल्व्ह, तांबड्या दांड्याचा. मोरीला वेगळा, चुलीकडे वेगळा, परड्यात वेगळा. बंबाकडे जाणारा तुकडा पितळी. फिटरनं पहिल्यांदा "एवढे व्हॉल्व्ह कशाला" म्हणून कुरकुर केली, मग त्यालाच गोडी लागली. नकाशा काढायला मी कागद दिला तर म्हणाला, "सर, असलं कोण मागत न्हाई." काढला मात्र झकास, आपली सही करून. तो आता मोरीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. आई रोज रात्री झोपताना दारातला व्हॉल्व्ह बंद करते आणि सकाळी उघडते, गरज नसताना. मी कधी तरी म्हणालो, राहू दे की चालू. म्हणाली, "माज्या हातात हाय ते माज्या हातात ऱ्हाऊ दे."

वडिलांचे पाइप विकले नाहीत. त्यातले चार चांगले निघाले, ते परड्यात पुरून आईनं त्यावर दोडक्याचा वेल चढवला आहे.

राहिला चुलतभाऊ. लाइन मूळची दोन्ही बाजूंना मिळून होती. मी त्याच्याकडे तीनदा गेलो. "दादा, तुमच्या बाजूचीही काढून घेऊ, निम्मा खर्च मी देतो." दादांचं म्हणणं, त्यांच्या बाजूला अजून गळत नाही. भावकीत यापुढे बोलता येत नाही. बोललं की ते पाइपाबद्दलचं राहत नाही, १९९१ च्या वाटणीपर्यंत जातं. त्यामुळे आमच्या नव्या लाइनला एक टी मारून पुढे त्यांच्याकडे जुनाच जीआय जातो, त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून. परवा वैनींनी चहाला बोलावलं होतं. मे महिना, बाहेर चटके बसत होते. मी भिंतीला पाठ टेकून बसलो आणि दादा म्हणाले, "बघ, ही भिंत कशी गार लागतीया."

टीच्या पुढे मी एक व्हॉल्व्ह बसवून घेतला आहे. कुठे आहे ते वैनींना दाखवून ठेवलं आहे.